पहिल्या पंचवीसांत

एप्रिलच्या पंधरा तारखेला संध्याकाळी पाचच्या ठोक्याला पशुवैद्यकीय कॉलेजची प्रतीक्षायादी बंद झाली, तेव्हा ब्रिटा स्लेटनचा उजवा हात खांद्यापर्यंत गेलॉर्ड हॉगनच्या गाईच्या आत होता. फोन तिनं मुद्दामच पिकअपमध्ये ठेवला होता. सकाळपासून तो वीसएक वेळा उघडून पाहून झाला होता, आणि आणखी एकदा पाहायची तिला स्वतःचीच लाज वाटायला लागली होती.

गाय दुपारपासून अडली होती. वासराचे पुढचे दोन्ही पाय दारात आलेले, पण मान मागे वळलेली. डॉक्टर व्हर्लिन ऑस्टबी दोरी धरून शेजारी उभे होते. त्यांचा उजवा खांदा दोन वर्षांपासून वर जात नाही, त्यामुळे आतला हात ब्रिटाचा आणि बाहेरची अक्कल त्यांची, अशी वाटणी होऊन बसली होती. जबडा सापडला का, एवढंच त्यांनी विचारलं. सापडला होता. तिनं वासराच्या तोंडात बोटं अडकवली, गाईची कळ ओसरू दिली आणि मान हळूहळू वळवून आणली. अर्ध्या तासानं वासरू पेंढ्यावर पडून शिंकलं.

"चालेल," डॉक्टर म्हणाले.

गेलॉर्डनं मान हलवली. ब्रिटानं बादलीत हात धुतले आणि पिकअपकडे गेली. फोनवर काही नव्हतं. ज्यांना घ्यायचं असतं त्यांना फोन येतो आणि ज्यांना घ्यायचं नसतं त्यांना काहीच येत नाही, हे तिला पाठ होतं. हे तिचं तिसरं वर्ष. वय सत्तावीस.

एल्क रिजच्या या डोंगराळ टापूत, विस्कॉन्सिनच्या पश्चिम टोकाला, लोक बोलण्यात फार काटकसरी. पणजोबा नॉर्वेहून येताना बोटीत बाकी सगळं घेऊन आले आणि विशेषणं तेवढी किनाऱ्यावर विसरले, असं वाटावं. जेवण अप्रतिम झालं तर "वाईट नाही". कोठाराला आग लागून अर्धी गुरं गेली तर "व्हायला नको होतं". आणि कौतुक? तोंडावर कौतुक करणं म्हणजे भर चौकात कुणाचे कपडे उतरवण्याइतकं ओंगळ. करणाऱ्यालाही लाज, ऐकणाऱ्यालाही.

त्यातही डॉक्टर ऑस्टबी म्हणजे या सगळ्यांचे मेरुमणी. त्यांची बायको आयलीन चार वर्षांपूर्वी गेली. एक्केचाळीस वर्षांचा संसार. दफनानंतर चर्चच्या तळघरात कॉफी आणि हॅम सँडविच झाल्यावर पाद्रीबाईंनी विचारलं, कुणाला दोन शब्द बोलायचे आहेत का. डॉक्टर उठले, टेबलावर बोटं टेकवून थोडा वेळ उभे राहिले, आणि म्हणाले, "बरी सोबत होती तिची." बसले. तळघरातल्या सगळ्या बायका हुंदके देऊन रडल्या. पुरुष कपात बघत राहिले. ब्रिटा तेव्हा त्यांच्याकडे नवी होती, पण ती याच डोंगरातली, त्यामुळे तीही रडली.

म्हणून "चालेल" म्हणजे काय हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. पाच वर्षांत तिनं ते सहा-सात वेळा ऐकलं होतं आणि प्रत्येक वेळी घरी जाईपर्यंत गाडीत एकटीच हसत राहिली होती. त्या दिवशी मात्र हसली नाही.

नाकारलेल्यांना कॉलेजवाले मे महिन्यात दहा मिनिटं देतात. तुमच्या अर्जात काय कमी पडलं ते फोनवर सांगतात. ब्रिटानं तो फोन दवाखान्यामागे पिकअप उभी करून घेतला, मांडीवर वही ठेवून. पलीकडची बाई फार गोड बोलत होती, आणि गोड बोलणाऱ्यांशी कसं वागायचं हे ब्रिटाला कधीच कळलेलं नव्हतं. बाईंनी आधी तिच्या अनुभवाचं कौतुक केलं. मोठ्या जनावरांबरोबर इतके तास असलेले उमेदवार हल्ली मिळत नाहीत म्हणाल्या. मग दुसऱ्या वर्षाचा रसायनशास्त्राचा निकाल निघाला.

त्या वर्षी तिच्या वडिलांचं खुब्याचं हाड मोडलं होतं. ब्रिटा पहाटे चारला उठून साठ गाई पिळायची, मग पन्नास मैल गाडी हाकून वर्गात बसायची आणि बसल्या बसल्या झोपायची. पुढे गाई विकल्याच. वडील आता दुसऱ्यांच्या दुधाचा टँकर चालवतात. गाई गेल्या, पण रसायनातला तो निकाल तेवढा राहिला.

बाईंनी उपायही सांगितला. जीवशास्त्रातली ऑनलाइन मास्टर्सची पदवी. वर्षभराची. काम सोडावं लागत नाही, घरबसल्या होते, आणि समितीला दिसतं की ही मुलगी अवघड अभ्यास पेलू शकते. पुष्कळ जण करतात. ब्रिटानं वहीत लिहून घेतलं.

दहा मिनिटं संपायला आली तेव्हा बाईंनी आवाज जरा खाली आणला. म्हणाल्या, "आणखी एक गोष्ट. तुमच्या तीन शिफारसपत्रांपैकी एक बाकीच्या दोन्हींपेक्षा बरंच थंड आहे. तिन्ही वर्षं. कुणाचं ते मला सांगता येणार नाही."

ते खरंच सांगता येत नाही. अर्ज भरताना एक चौकट असते: शिफारसपत्र पाहण्याचा माझा हक्क मी सोडत आहे. तिथे खूण केली नाही तर पत्राला कुणी किंमत देत नाही. ब्रिटानं तिन्ही वर्षं खूण केली होती.

त्या रात्री जेवताना तिनं आईला पदवीचं सांगितलं. आई, लॉर्ना, शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते आणि दिवसभर तीनशे मुलांना वाढून आल्यामुळे घरी तिचा संयम संपलेला असतो. तिनं विचारलं, ही पदवी मिळाली की गाई तपासता येतील का. नाही. मग दवाखाना काढता येईल? नाही. मग कशासाठी?

"अर्जात दिसेल," ब्रिटा म्हणाली.

"म्हणजे अर्ज चांगला दिसावा म्हणून एक अख्खी पदवी. लग्नात फोटो बरा यावा म्हणून घर बांधल्यासारखं झालं."

वडील ओव्हनमध्ये भाजलेलं बटाट्याचं हॉटडिश खात होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, ऑस्टबीला सोडून जावं लागेल का त्यासाठी. ब्रिटा म्हणाली, नाही, तोच तर फायदा. वडिलांनी मान हलवली आणि मटार तेवढे बाजूला काढून ठेवले.

फायदा खरोखर तोच होता. तीन वर्षांपूर्वी, ब्रिटानं पहिल्यांदा अर्ज केला तेव्हा, डॉक्टरांनी दवाखान्यावरची पाटी नव्यानं रंगवून घेतली होती. पांढऱ्या फळीवर वर काळ्या अक्षरांत त्यांचं नाव, आणि खालची अर्धी फळी कोरी. रंगाऱ्यानं विचारलं, नाव मधोमध का घेत नाही. डॉक्टर म्हणाले, असू दे. याविषयी ते आणि ब्रिटा कधी एक अक्षर बोलले नाहीत. शहरातली एक कंपनी दवाखाना विकत घ्यायला दोनदा येऊन गेली, दोन्ही वेळा त्यांनी त्या माणसाला कॉफी पाजून परत पाठवलं. आता जड बादलीही ब्रिटाच उचलते. ती नसेल तर डॉक्टरांचं गुरांचं काम महिनाभरही चालणार नाही, हे त्या टापूतल्या प्रत्येक गोठ्याला माहीत होतं.

पण ते थंड पत्र तिच्या डोक्यातून जाईना. तिनं मनातल्या मनात गुन्हेगार पकडूनही टाकला. डॉक्टर रेनी कोवाल. नदीकाठच्या शहरात हिचं कुत्र्या-मांजरांचं मोठं हॉस्पिटल आहे आणि ब्रिटा दोन उन्हाळे शनिवार-रविवारी तिथे जायची. एकदा एका मांजराला भूल दिल्याची वेळ ब्रिटानं चुकीची लिहिली होती आणि कोवाल सगळ्यांसमोर तिच्यावर ओरडली होती. बस. पुरावा म्हणून एवढं पुरलं. शनिवारी ती पन्नास मैल गाडी हाकत तिथे गेली, वाटेत भांडणाची तालीम करत.

कोवालबाई मूळच्या शिकागोच्या. आवाज मोठा, बोलणं सपासप. ब्रिटाचं अडखळत विचारणं पुरतं ऐकूनही न घेता त्या म्हणाल्या, "थंड पत्र? मी? पत्राबरोबरच्या फॉर्मवर मी तुला सगळीकडे वरचा खाना दिलाय. शंभरात पहिली. बुद्धी, चिकाटी, हात, सगळ्याला."

"पण त्या मांजराच्या वेळी..."

"कुठलं मांजर?" मग त्या हसल्या. "हे बघ ब्रिटा, मी सगळ्यांनाच वरचा खाना देते. सगळेच देतात. आजकाल दुसऱ्या खान्यात खूण केली की समिती म्हणते, काहीतरी गडबड आहे. तिसरा म्हणजे घेऊ नका. चौथा म्हणजे तर, या मुलीनं माझी गाडी चोरली होती."

ब्रिटा ओशाळली. आपण या बाईचा आठवडाभर उगाच उद्धार केला म्हणून. निघताना कोवाल म्हणाल्या, इथे चार डॉक्टर आहेत, एक जागा रिकामी आहे, वर्षभर येऊन काम कर, चौघांची चार चांगली पत्रं मिळतील. "त्या म्हाताऱ्याकडे अजून किती दिवस वासरं ओढत बसणार आहेस?" ब्रिटानं आभार मानले आणि ऑनलाइन पदवीचं चाललंय म्हणून सांगितलं.

म्हणजे राहिला तो तिच्या जुन्या कॉलेजातला प्राध्यापक; तिन्हीतलं दुसरं पत्र त्याचं होतं. रसायनाच्या वर्गात झोपलेली मुलगी तो कशाला विसरेल? पुढचे दोन आठवडे तिनं त्याचा उद्धार केला. तिसरं नाव तिच्या मनात आलंच नाही. ते यायचं काही कारणच नव्हतं.

ऑनलाइन पदवीच्या अर्जालाही एक शिफारसपत्र लागत होतं. जूनमधल्या एका दुपारी दवाखाना रिकामा असताना तिनं डॉक्टरांना ते सांगितलं. डॉक्टर टेबलाशी बसून सँडविच खात होते. ते रोज दोन आणतात, एक मेणकागदात गुंडाळलेलं तिच्यासाठी, आणि रोज म्हणतात की चुकून जास्त झालं. दरवर्षी हा कॉम्प्युटरचा उद्योग ते लायब्ररीतल्या मर्नाकडून करून घ्यायचे. मर्ना निवृत्त होऊन लेकीकडे ॲरिझोनाला गेली होती. डॉक्टरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू. पडद्यावरचं त्यांना काही दिसत नव्हतं.

"तू वाच. मी सांगतो, तू खुणा कर."

"मी पाहायचं नसतं, डॉक्टर. नियम आहे तसा."

"मग पाहू नकोस. नुसतं वाच."

तिला हसू आलं. तिनं खुर्ची ओढली आणि वाचायला लागली. आपल्या अनुभवातल्या इतर उमेदवारांच्या तुलनेत ही उमेदवार कुठे बसते? शंभरात पहिली. पहिल्या पाचांत. पहिल्या दहांत. पहिल्या पंचवीसांत. बाकीच्यांत.

"पंचवीसांत," डॉक्टर म्हणाले. "नेहमीचंच."

ब्रिटाचा हात माऊसवर होता. तिनं विचारलं, "नेहमीचंच म्हणजे?"

"तिन्ही वर्षं तेच दिलंय." त्यांनी मिशीला लागलेली मोहरी पुसली. मग, हे सांगायचं तर नव्हतं पण आता विषय निघालाच आहे, अशा आवाजात म्हणाले, "चव्वेचाळीस वर्षांत किती पोरं आली माझ्याकडे. सगळी बाकीच्यांत घातली. पंचवीसांत बसलेली तू पहिलीच."

आणि ते लाजले. एकाहत्तर वर्षांचा तो माणूस कानापर्यंत लाल झाला आणि खिडकीबाहेर बघायला लागला, जणू काही वावगं बोलून गेला होता.

ब्रिटानं पडद्यावरचे खाने वरून मोजले. चौथा खाना. या मुलीनं माझी गाडी चोरली होती. तिला तो प्राध्यापक आठवला, ज्याला तिनं दोन आठवडे शिव्या घातल्या. तिला ती गोड बोलणारी बाई आठवली, आणि हीटर लावलेल्या कुठल्यातरी खोलीत बसलेली सात-आठ माणसं, ज्यांनी तीन वर्षं हा कागद हातात घेऊन म्हटलं असेल, ज्याच्याकडे ही इतकी वर्षं काम करतेय तोच असं म्हणतोय तर राहू द्या.

"पहिल्या खान्यात कोण बसतं, डॉक्टर?" तिनं विचारलं.

"कुणी नाही. तो रिकामाच ठेवायचा असतो."

त्यांना पडदा दिसत नव्हता. बोट इंचभर वर सरकवलं असतं तर काम झालं असतं. त्यांना कधी कळलंही नसतं. इतकंच काय, पुढच्या वर्षी कॉलेजचं शिफारसपत्रही त्यांनी तिच्याकडूनच भरून घेतलं असतं. पण ज्या माणसानं उभ्या आयुष्यात एक शब्द फुगवून वापरला नाही, त्याच्या नावाखाली खोटी खूण करायची? बाहेरच्या कुणी बिनधास्त केली असती, आणि चुकलं असतं असंही नाही. ती त्या डोंगरातली होती. तिनं पंचवीसांत खूण केली.

खाली मोकळी जागा होती, मत लिहायला. डॉक्टरांनी घसा साफ केला आणि सांगितलं, "लिही: कामाला येते. तक्रार नाही." तिनं लिहिलं. त्यांनी परत वाचून घेतलं आणि मान डोलावली.

सांगावं, असं तिच्या ओठांवर आलं होतं. डॉक्टर, तिकडे या शब्दांचा अर्थ उलटा होतो. पण तेवढ्यात ते दुसरं सँडविच तिच्याकडे सरकवत म्हणाले, "या वेळी घेतील बघ. तू डॉक्टर होऊन परत येईपर्यंत मी ओढीन कसंतरी." तिनं सँडविच घेतलं. कागद सोडवायला तिला वेळ लागला.

ऑनलाइनवाल्यांचं उत्तर तीन दिवसांत आलं. पडद्यावर रंगीत कागदांचे कपटे उडाले आणि अभिनंदन लिहून आलं. ते कुणाला नाही म्हणत नाहीत. जुलैच्या शेवटच्या तारखेपर्यंत होकार कळवायचा होता.

त्याच आठवड्यात ती एकटीच गेलॉर्डच्या गोठ्यावर गेली, टाके काढायला. गेलॉर्ड गाईचं डोकं धरून उभा होता. ती एप्रिलमधली गाय दोन गव्हाणी पलीकडे होती आणि वासरू बाहेरच्या पिंजऱ्यात बादली ढुसण्या मारून पाडत होतं. गेलॉर्डनं विचारलं, कॉलेजचं काय झालं. ती म्हणाली, नाही झालं.

"डोकी फिरलीत त्यांची," गेलॉर्ड म्हणाला. "डॉक तर दर गुरुवारी पेंडीच्या गिरणीवर तेच बोलत असतो."

"काय बोलतात?"

"हेच की, त्या पोरीच्या हातात जे आहे ते माझ्या हातात कधी नव्हतं. म्हणे, चांगला डॉक्टर घडवता येतो, पण ही घडूनच आलीय. आता त्याचं तेच तेच ऐकून आम्हालाच कंटाळा आलाय."

ब्रिटाच्या हातातली कात्री थांबली. "मला कधीच नाही म्हणाले."

गेलॉर्डला तिचं बोलणं कळलंच नाही. तो म्हणाला, "तुला कशाला म्हणेल?"

ती टाके काढून झाल्यावर पिकअपमध्ये बसली आणि गाडी सुरू न करता तशीच बसून राहिली. तिला राग आला होता. पाच वर्षांत पहिल्यांदाच डॉक्टरांचा राग आला. गिरणीवर पेंडीच्या पोत्यांना सांगता येतं, आणि जिथे सांगायला हवं तिथे तोंडाला कुलूप. मग राग ओसरला आणि त्याच्या जागी जे आलं ते जास्त वाईट होतं.

पदवीचं काय होणार, हे आता अगदी स्पष्ट दिसत होतं. वर्षभर ती पडद्यासमोर बसून पेशी आणि प्रथिनं शिकेल, चांगले गुण मिळवेल, रसायनातला तो डाग पुसेल. मग पुन्हा अर्ज, पुन्हा तीन पत्रं, आणि तिसरं हेच. चौथा खाना. तक्रार नाही. त्यांचं पत्र घेतलंच नाही, तर समिती विचारणार, पाच वर्षं ज्याच्याकडे होतीस त्याचं पत्र कुठंय? आणि डॉक्टरही विचारणारच, या वर्षी माझं पत्र नको का.

आणि खरं सांगितलं तर? तर पुढच्या खेपेला त्यांनी पहिल्या खान्यात खूण केली असती, कदाचित. मनावर दगड ठेवून, पण केली असती. मात्र त्यांना कळलं असतं की तिची तीन वर्षं कुणी खाल्ली. खालची अर्धी फळी कोरी ठेवणाऱ्या माणसानंच. त्यांच्याजवळ आता आयलीन नव्हती, खांदा नव्हता, डोळे जवळजवळ नव्हते. होतं ते एवढंच, की आपण कधी कुणाचं वाईट केलं नाही ही खात्री. ती काढून घ्यायचं तिला धाडस झालं नाही. सांगायला हवं होतं असं कुणीही म्हणेल. तिची आईही म्हणाली असती. पण तिनं आईलाही सांगितलं नाही.

जुलैच्या एकोणतीस तारखेला तिनं ऑनलाइनवाल्यांना नकार कळवला आणि कोवालना फोन केला. तिथल्या चौघांची पत्रं हातात आली की डॉक्टरांच्या पत्रावाचून भागणार होतं.

डॉक्टरांना तिनं दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलं, ते औषधांचं कपाट लावत असताना. शहरात जागा मिळाली आहे. कुत्री-मांजरं. एक सप्टेंबरपासून. डॉक्टर बाटल्या एका रांगेत लावत राहिले.

"ते ऑनलाइनचं?"

"नको म्हटलं त्यांना."

त्यांनी एक बाटली उचलली, डोळ्यांजवळ नेऊन तारीख वाचायचा प्रयत्न केला आणि परत ठेवली. "इथं काही कमी पडलं का?"

"नाही."

"मग ठीक," ते म्हणाले.

पुढचा महिना नेहमीसारखा गेला. वार अडकलेल्या गाई, सुजलेल्या कासा, एका डुकरिणीचं गळू. दुपारी दुसरं सँडविच चुकून जास्त होतच राहिलं. गिरणीवर डॉक्टर आता काही बोलत नाहीत, असं तिच्या वडिलांनी टँकर चालवता चालवता ऐकलं आणि जेवताना तिला सांगितलं. फक्त एका गुरुवारी कुणीतरी विषय काढला तेव्हा ते म्हणाले म्हणे, शिकायचा कंटाळा आला असेल, होतं असं. ब्रिटानं ते ऐकलं आणि ताटातलं तसंच ठेवून उठली.

ऑगस्टच्या शेवटच्या शुक्रवारी ते दोघं गेलॉर्डकडे गेले होते. एक म्हातारी गाय बसली होती आणि उठत नव्हती. ब्रिटानं तिच्या मानेत सुई घातली, डॉक्टरांनी कॅल्शियमची बाटली डाव्या हातानं धरली. गाय वीस मिनिटांनी उठली. गेलॉर्डनं विचारलं, पुढच्या आठवड्यात दुसरी एक व्यायची आहे, येणार ना. डॉक्टर म्हणाले, यापुढे मोठ्या कामाला पलीकडच्या काउंटीतल्या माणसाला बोलव, त्याचा नंबर देतो. गेलॉर्डनं ब्रिटाकडे पाहिलं. ती खाली बसून नळी गुंडाळत होती. पलीकडच्या काउंटीतल्या माणसाला यायला दीड तास लागतो. अडलेल्या गाईला तेवढा वेळ नसतो, हे तिघांनाही माहीत होतं.

परत आल्यावर ती दवाखान्यामागे सिमेंटवर उभी राहून बूट धूत होती, पाण्याची नळी सोडून. पुढच्या बाजूला पाटी तशीच होती, खालून कोरी. डॉक्टर मागच्या दारात आले. त्यांनी तिच्या बुटांकडे, मग गटारात जाणाऱ्या शेणाच्या पाण्याकडे पाहिलं. दाराच्या चौकटीवर त्यांनी बोटं टेकवली आणि थोडा वेळ तसेच उभे राहिले.

"बरी सोबत होती तुझी," ते म्हणाले, आणि आत गेले.

ब्रिटाच्या हातून ब्रश पडला. ती एका बुटावर, एका मोज्यावर तिथेच उभी राहून तोंडावर हात दाबून रडली, चर्चच्या तळघरातल्या बायकांसारखी, आणि नळीचं पाणी तिच्या मोज्यावरून वाहत राहिलं. बऱ्याच वेळानं आतून त्यांचा आवाज आला, नळ बंद केलास का म्हणून. तिनं नळ बंद केला आणि हो म्हणून सांगितलं.